झबल्यांची गोधडी

पोरं दहावी-बारावीला पोचली की बऱ्याच आयांचा हात कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे जायला लागतो. तिथं एक गाठोडं असतं. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, जोडीदार हरवलेला एखादा लोकरी मोजा. शेजारचं तान्हं रडलं तरी जिचे हात शिवशिवतात, तिला ते गाठोडं सोडावंसं वाटणारच. खुशाल सोडावं. फक्त हुंगून पुन्हा तसंच बांधून ठेवू नये.

"बाळाचा वास जाईल म्हणून धुतलंच नाही" असं पुष्कळजणी म्हणतात. तो वास दुधाचा, मालिशच्या तेलाचा आणि घामाचा. काही वर्षांत तेल खवट होतं, दुधाचा अंश पिवळा पडतो. धुऊन ठेवलेल्या पांढऱ्या झबल्याच्या गळ्याशीही पिवळट डाग उमटतात, ते नीट न निघालेल्या दुधा-तेलाचेच. वास जातो, डाग तेवढा उरतो. म्हणून आधी धुणं. सुती कपडे कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर घालून सहा-आठ तास भिजवावेत. क्लोरीनचं ब्लीच नको, जुना धागा त्यानं विरतो. लोकरीला दोन्ही ब्लीच वर्ज्य; थंड पाणी, सौम्य साबण, आणि पिळायचं नाही. खळ तर अजिबात नको, कसर खळीवर येते.

मग वाटणी. प्रत्येक मुलामागे चार-पाच कपडे अखंड ठेवावेत: बारशाचं झबलं, आजीनं विणलेली कुंची, असं काही. टिचबटणं काढून टाकावीत, नाहीतर पावसाळ्यात त्यांचा गंज कापडात उतरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी येते. जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळावेत आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा वारा द्यावा. डांबराच्या गोळ्या टाळा. उद्या हीच झबली नातवंडाच्या अंगावर चढतील, आणि त्या गोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरे.

उरलेल्यांची गोधडी करावी. कापायला हात धजत नाही, हे खरं. त्यावर उपाय एकच: आधी दुपटी कापायची, झबली शेवटी.

पुठ्ठ्याचा 15 सेंटिमीटरचा चौकोन कापून घ्या. तान्ह्याच्या झबल्याच्या पाठीतून असा एकच चौकोन निघतो, पुढचा भाग बंदांमुळे दुभंगलेला असतो. 75 सेंटिमीटरच्या दुपट्यातून मात्र पंचवीस निघतात. एका रांगेत सात, अशा आठ रांगा, म्हणजे 56 चौकोन. प्रत्येक बाजूनं 1 सेंटिमीटर शिवणीत गेला की साधारण 91 बाय 104 सेंटिमीटरचा वरचा थर होतो. वीस-बावीस चौकोन झबल्या-फ्रॉकांचे आणि बाकी दुपट्यांचे, हे प्रमाण जमतं. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं आणि चौकोन वाकडा होतो. त्याला उलट्या बाजूनं इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर लावा आणि मगच कापा. लाल-मरून कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग लागला तर तो तुकडा बाद, कितीही लाडका असला तरी.

आत जुनी सुती साडी. पाचवारीचे या मापाचे पाच थर निघतात, पण तीनच घाला. जास्त घातले की सुई आरपार जात नाही, टाके वर-खाली सारखे पडत नाहीत, बोटं दुखतात आणि काम माळ्यावर जातं. खालचं कापड नवं असेल तर आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडी चुण्या-चुण्या होते.

सगळे थर फरशीवर पसरून चारी कोपऱ्यांवर जड डबे ठेवा. हातानं मधून बाहेर सुरकुत्या काढत जा आणि वीतभर अंतरानं कच्चे टाके घाला. इथं घाई केली की मध्ये फुगा राहतो, आणि तो नंतर काही केल्या निघत नाही. कडा आत मुडपून मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्याकडे यायचं, ही जुन्या बायकांची पद्धत. टाका 6-8 मिलिमीटरचा, दोन ओळींत दीड-दोन सेंटिमीटर. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. अंगुस्तान लागतंच. रोज तासभर बसलं तर महिना-दीड महिना जातो, आणि संध्याकाळी घर रिकामं असताना हे काम बरं पडतं.

आता मापाचं. ही गोधडी सतरा वर्षांच्या पोराला गुडघ्याच्या खाली फारशी पुरत नाही. त्याला होस्टेलला द्यायची असेल तर चारी बाजूंनी साडीचा रुंद पट्टा जोडून 150 बाय 220 करावी लागते, आणि मग आतल्या थरांना दोन साड्या लागतात. त्याला विचारून घ्या. त्या वयाची पोरं टोपड्यांचे तुकडे मित्रांपुढे पांघरतीलच असं नाही. मूळ मापाची मात्र बसलेल्या बाईच्या मांडीवर नेमकी बसते. बहुतेकजणी शेवटी तीच ठेवून घेतात.

धुताना मशिनमध्ये टाकू नका, पिळण्यात जुन्या मलमलीचे चौकोन शिवणीशी फाटतात. टबात अर्धा तास भिजवून हातानं दाबून धुवा. ओली गोधडी जड होते, एका दोरीवर टांगली तर स्वतःच्या वजनानं ओढली जाते. दोन समांतर दोऱ्यांवर आडवी घाला, आणि उलटी, म्हणजे उन्हानं झबल्यांचा रंग उडणार नाही.