शेजारच्या काकांची ९२ नंबरची जर्सी

पिट्सबर्गला येऊन सहा वर्षं होतील आता, आणि इथे फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा खेळ हे डोक्यात बसायलाच माझा पहिला सीझन गेला. स्टीलर्सची, म्हणजे इथल्या टीमची, मॅच असली की अख्खं गाव काळं-पिवळं, म्हाताऱ्या आज्यासुद्धा पिवळा टॉवेल गरगर फिरवत असतात, १९७५ पासून चालू आहे म्हणे हे.

लाईनबॅकर म्हणजे कोण हे मला शेजारच्या गोऱ्या काकांनी शिकवलं. बचावाच्या पहिल्या फळीच्या मागे उभा असलेला गडी, कधी क्वार्टरबॅकवर, म्हणजे समोरच्या टीमच्या पास फेकणाऱ्यावर, धावून जायचं, कधी मागे सरकून पास अडवायचा, आणि ठरवायला वेळ शून्य. कबड्डीतला कोपरा कसा रेडरच्या पायावर डोळा ठेवून असतो, साधारण तसंच.

काकांचं दैवत जेम्स हॅरिसन, स्टीलर्सचा ९२ नंबरचा लाईनबॅकर. ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा, १४ भावंडांत शेंडेफळ. उंची सहा फूट, म्हणजे आपल्याकडे ताडमाड आणि इथे त्या जागेला चक्क बुटका! २००२ मध्ये केंट स्टेट कॉलेजमधून बाहेर पडला तेव्हा ड्राफ्टच्या, म्हणजे टीम्स कॉलेजची पोरं निवडतात त्याच्या, सातही फेऱ्यांत कुणी त्याचं नाव घेतलं नाही. स्टीलर्सनी तसाच घेतला, काढला, परत घेतला, परत काढला. मग बाल्टिमोरवाल्यांनी घेतलं आणि जर्मनीत राईन फायर नावाच्या टीमकडे खेळायला धाडलं, आणि परत आल्यावर त्यांनीही नारळ दिला. मला वाटायचं इथे प्लेअर झालं की लाईफ सेट, पण छे, टीममध्ये जागा ५३, बाकीच्यांनी बॅग भरायची.

२००४ मध्ये स्टीलर्सच्या एका लाईनबॅकरचा हात वजनं उचलताना दुखावला म्हणून याला परत बोलावणं आलं. तरी कायमची जागा मिळायला २००७ उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी १६ सॅक करून, म्हणजे पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला लोळवून, पठ्ठ्या लीगचा सर्वोत्तम बचावपटू! ड्राफ्ट न झालेल्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

त्याच सीझनची सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, फेब्रुवारी २००९, टॅम्पा. पहिला हाफ संपायला काही सेकंद, अ‍ॅरिझोना गोललाईनपासून एक यार्डावर, हॅरिसनने खरं तर पुढे धावून जायचं ठरलेलं, पण हा मागे सरकला, त्यांच्या क्वार्टरबॅकचा, कर्ट वॉर्नरचा, पास मधेच पकडला आणि सुटला तो थेट १०० यार्ड, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, टचडाऊन! नंतर तिथेच पडून राहिला, ऑक्सिजन लावायला लागला. यूट्यूबवर बघाच. स्टीलर्स २७-२३ जिंकले.

सगळंच गोड नाही हं. २०१० मध्ये एका टकरीसाठी ७५ हजार डॉलर दंड, २०११ मध्ये क्वार्टरबॅकच्या डोक्याला धडक दिली म्हणून एका मॅचची बंदी. काका म्हणतात तेव्हा खेळच तसा होता, मला ते काही पटत नाही, रिप्ले बघताना पोटात गोळा येतो माझ्या.

२०१४ मध्ये रिटायर झाला आणि काही आठवड्यांत परत आला. २०१७ च्या ख्रिसमसच्या तोंडावर स्टीलर्सनी पुन्हा काढला आणि हा गेला कुठे, तर पेट्रियट्सकडे, म्हणजे हाडवैऱ्यांच्या घरात! ३९ व्या वर्षी त्यांच्याकडून सुपर बोल खेळला, हरले, मग एप्रिल २०१८ मध्ये कायमचा थांबला.

काकांनी त्या ख्रिसमसला जर्सी भिंतीवरून काढून बेसमेंटमध्ये टाकली होती म्हणे. परवा गेलो तर परत भिंतीवर. विचारलं तर म्हणाले, खाली ओल येते.