दर तीन कार्डांनंतर नवी रो

जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, शिकणारी मुलं मला हमखास विचारतात, "टेम्प्लेटमध्ये लूप फिरवतोय, पण दर तीन आयटमनंतर नवी रो कशी सुरू करायची?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुतेकांना आधी सुचतं ते असं. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएल साच्यात, लूपच्या आधी रोचा डिव्ह (एचटीएमएलमधला डबा) उघडायचा, आत कार्ड छापायचं, फॉरलूप डॉट काउंटरला (लूपचा १ पासून चालणारा आकडा) डिव्हिजिबलबाय ३ (तीनने भाग जातो का, ही तपासणी) लावायचं. भाग गेला की चालू डिव्ह बंद करून लगेच नवा उघडायचा आणि लूप संपल्यावर शेवटचा बंद करायचा. सात कार्डं असतील तर काम चोख होतं: तीन, तीन, एक. आता सहा घ्या. सहाव्यानंतरही भाग जातो, नवी रो उघडते, लूप तिथेच संपतो आणि खाली एक रिकामी रो उरते. तिला मार्जिन असेल तर पानाच्या तळाशी उगाच जागा सुटते, आणि ती कुठून आली हे चटकन लक्षात येत नाही. अटीत 'अँड नॉट फॉरलूप डॉट लास्ट' (म्हणजे हा शेवटचा आयटम नसेल तरच) जोडलं की प्रश्न मिटतो. शून्यापासून मोजणारा काउंटर-झिरो मात्र घेऊ नका. शून्यालाही तीनने भाग जातो, त्यामुळे पहिल्याच कार्डानंतर रो तुटते.

हे चालतं, पण मी ते कुणाला सुचवत नाही. कार्डं शेजारी शेजारी किती बसतील हे स्क्रीनच्या रुंदीवर ठरतं, आणि टेम्प्लेट सर्व्हरवर तयार होताना ती रुंदी कुणाला ठाऊक असते? तीन हा आकडा एचटीएमएलमध्ये एकदा कोरला की मोबाइलवर झगडत बसावं लागतं. लूपने फक्त कार्डं छापावीत. बाहेर एकच डिव्ह ठेवा आणि त्याला सीएसएस ग्रिड (आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी) लावा. २०१७ च्या मार्चमध्येच क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत ग्रिड आलं. रिपीटमध्ये ऑटो-फिल आणि मिनमॅक्स १४ रेम, १ एफआर (कार्ड किमान १४ रेम रुंद, उरलेली जागा सारखी वाटून) एवढं लिहिलं की रो आपोआप पडतात. ऑटो-फिट लिहिलंत, तर दोनच कार्डं असताना ती रुंदीभर ताणली जातात.

खरोखरीच्या रो लागतात त्या ईमेलमध्ये. विंडोजवरचं जुनं आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, त्याला ग्रिड कळत नाही. तिथे टेबलच हवं. मग यादीचे तुकडे व्ह्यूमध्येच, म्हणजे टेम्प्लेटला डेटा पाठवणाऱ्या पायथन कोडमध्येच करा. पायथन ३.१२ पासून इटरटूल्समध्ये असे तुकडे करणारं बॅच्ड आहे. त्याची लिस्ट करून पाठवा, कारण ते एकदाच फिरतं. जिंजा ही दुसरी टेम्प्लेट भाषा वापरत असाल तर बॅच फिल्टर तयारच आहे, शेवटच्या रोमधले रिकामे रकानेही तो भरून देतो.

एक गोष्ट आवर्जून तपासा: वाचणारा यादी आडवी वाचणार की उभी? सभासदांची अकारविल्हे यादी माणूस वरून खाली वाचतो, ग्रिड मात्र डावीकडून उजवीकडे भरत जातं. अशा यादीला सीएसएसचं कॉलम-काउंट (यादी उभ्या कॉलमांत वाटणारं) लावा आणि प्रत्येक नोंदीला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड द्या, नाहीतर नाव एका कॉलमच्या तळाशी राहतं आणि फोन नंबर पुढच्या कॉलमच्या माथ्यावर जातो.