२००५ची सीआरव्ही मालवणात: टॅपेट, मागचं डिफरन्शियल आणि न हलणारा बोल्ट

गाडी: होंडा सीआरव्ही, दुसरी पिढी, २००५, २.४ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह. जपानहून पूर्ण बांधून आलेली.
मुक्काम: मालवण. घरातून समुद्राची गाज ऐकू येते, म्हणजे खारं वारं बारा महिने.
सध्याची प्रकृती: इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स समाधानकारक, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा दात्यांचा डबा) शांत. खालचं लोखंड मात्र काळजी करण्यासारखं.

ही गाडी घेतली तेव्हा 'अंगणात कोंबड्या बसवायला आणलंस काय' असं घरूनच ऐकलं होतं. कारण एकच, हिला हात लावणारा माणूस इथे कुठे मिळणार? थोडी वर्षं घालवल्यावर माझं मत उलट झालंय. सिंधुदुर्गात हाताला तरबेज माणसं भरपूर आहेत. बोलेरो, डंपर, ट्रॉलरचं इंजिन डोळे मिटून खोलणारे लोक आहेत. त्यांच्याकडे नसते ती या गाडीची माहिती. कुठलं तेल, किती गॅप, कुठला वॉशर, पार्ट नंबर काय. ती माहिती आणि सामान आपण जमवून न्यायचं, कागदावर मराठीत लिहून मेस्त्रीच्या हातात द्यायची, आणि मग त्याच्या हातांवर भरवसा ठेवायचा. जिथे मेस्त्री माहितीही देतो आणि सामानही आणतो अशी सेवा मला कुडाळपासून पणजीपर्यंत या गाडीसाठी सापडली नाही, आणि मी शोधणंही सोडलंय.

मागचं डिफरन्शियल

लक्षण असं होतं: बाजारातल्या अरुंद गल्लीतून स्टिअरिंग पूर्ण तोडून सावकाश वळलं की मागून घुरघुर, आणि पायाखाली बारीक थरथर. सरळ रस्त्यावर काही नाही. घाटापलीकडच्या एका वर्कशॉपने 'पूर्ण असेंब्ली बदला' म्हणून छातीत धडकी भरेल असा आकडा सांगितला. गाडी तशीच परत आणली.

ही फोर व्हील ड्राइव्ह कशी चालते ते एकदा कळलं की आवाजाचं कोडं सुटतं. एरवी गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. प्रॉपेलर शाफ्ट फिरत असतो, पण मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी प्लेटींचा एक क्लच असतो, तो सुटा असतो. तिथेच दोन छोटे ऑइल पंप आहेत. एक फिरतो प्रॉपेलर शाफ्टच्या वेगाने, म्हणजे पुढच्या चाकांच्या हिशोबाने, आणि दुसरा मागच्या चाकांच्या. दोघे सारखे फिरले तर एकाने ढकललेलं तेल दुसरा ओढून घेतो, दाब होत नाही. पुढची चाकं चिखलात घसरली की पहिला पंप पुढे पळतो, दाब वाढतो, क्लच चिकटतो आणि मागची चाकं कामाला लागतात. सगळा खेळ तेलाचा. आता जोरात वळतानाही पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तेव्हा थोडा दाब होतोच. तेल थकलेलं असेल तर प्लेटी गुळगुळीत सरकायच्या ऐवजी धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. ती घुरघुर.

म्हणजे बदलायचं तेल, असेंब्ली नव्हे. आणि तेलही कंपनीचं ड्युअल पंप फ्लुइडच. आमचे मेस्त्री सवयीने डबा शोधायला निघालेच होते, "नव्वद नंबर घालूया, काय होवचा नाय." घालायचं नाही. नव्वद नंबर गिअरच्या दात्यांना चालेलही, पण हे पंप आणि या क्लचच्या प्लेटी त्या जाड तेलात नीट काम करत नाहीत. डबे मुंबईहून लक्झरीच्या पार्सलने मागवले.

करताना एक नियम काटेकोर पाळा: आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल होतो का ते बघा, मगच खालचा उघडा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलणार नाही. दोन्ही प्लगना चौकोनी खाच आहे, गोटी (सॉकेट) लागत नाही, तीन-अष्टमांश इंचाच्या रॅचेटचं टोक थेट आत बसतं. खाचेतली माती आधी खिळ्याने उकरून काढा, नाहीतर टोक अर्धवट बसतं आणि खाच गोल होते. ॲल्युमिनियमचे वॉशर नवे. तेल साधारण लिटरभर बसतं, वरच्या भोकातून ओघळायला लागलं की पुरे. मग रिकाम्या मैदानात दोन्ही बाजूंना आठचे आकडे काढायचे, म्हणजे नवं तेल क्लचमध्ये फिरतं. घुरघुर त्याच संध्याकाळी गेली. काहींना थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा बदलावं लागतं, मला अजून गरज वाटलेली नाही.

गाडीखाली जाणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण हे दृश्य मी आपल्याकडे वारंवार बघतो: जांभ्याच्या चिऱ्यावर गाडी टेकवून खाली झोपू नका. चिरा भिंतीत चांगला. एका बिंदूवर टनभर वजन आलं की तो कधी फुटेल याचा नेम नाही. दोन घोड्या (जॅक स्टँड) विकत घ्या, आयुष्यभर पुरतात.

टॅपेट

या नोंदीतला सगळ्यात आनंदाचा भाग हाच. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे तो खर्च वाचतो. पण टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, त्यांच्यात नेमकी फट ठेवावी लागते) आपोआप जुळणारे नाहीत. स्क्रू आणि लॉकनट, जुन्या पद्धतीचे. आणि एक्झॉस्टचे टॅपेट कालांतराने ढिले होण्यापेक्षा घट्ट होण्याची शक्यता जास्त. ढिला टॅपेट टकटक करून बोंब तरी मारतो. घट्ट झालेला गप्प बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि हळूहळू जळतो. 'आवाज नाही, मग कशाला खोलताय' हा सल्ला म्हणूनच ऐकू नका.

माझं आयडलिंग सकाळी किंचित अडखळत होतं. प्लग, थ्रॉटल बॉडी झाली, फरक नाही. मग गेलो तारकर्लीच्या बाजूला, पर्यटकांच्या बोटींची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणाऱ्या फिटरकडे. कार त्याने फारशी केलेली नाही. पण जपानी चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, ओव्हरहेड कॅम, फीलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पात्यांचा) रोजचा हात, हे सगळं त्याच्याकडे आहे. आणि एक गोष्ट ऐकून तो स्वतःच खूश झाला: होंडाचं दीडशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, बीएफ १५०, याच २.४ लिटर कुळातून काढलेलं आहे. क्षमता तीच, २३५४ सीसी. फक्त उभं करून बोटीला टांगलेलं. झाकण उघडल्यावर तो म्हणाला, "ह्या तर आमच्या मशीनासारख्याच आसा."

फटीचे आकडे: इनटेक ०.२१ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.२८ ते ०.३२ मिमी. इंजिन थंड हवं, ३८ अंशांच्या खाली. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी 'थंड' धरू नका. आम्ही रात्रभर गाडी त्याच्या शेडमध्ये ठेवली आणि पहाटे, वारा पडलेला असताना काम केलं. एक्झॉस्टच्या बहुतेक टॅपेटमध्ये ०.२८ची पाती शिरतच नव्हती. त्याची पद्धत बघण्यासारखी होती. स्क्रू फिरवताना डोळे बंद. पातीला किती ओढ लागते तेवढंच बोटांनी ऐकायचं. लॉकनट आवळला की स्क्रू केसभर फिरतो हे त्याला ठाऊक, म्हणून प्रत्येक नट आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायची आणि नाही पटलं तर परत सोडायचं. कोणी घाई केली नाही, चहा दोनदा झाला.

झाकण बसवताना नवं गॅस्केट, प्लगच्या नळ्यांची सीलं नवी, आणि चेन कव्हर जिथे हेडला मिळतं त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा ठिपका. तो ठिपका विसरला तर तेल झिरपतंच. आयडलिंग आता असं आहे की सिग्नलला गाडी चालू आहे की बंद ते सुई बघून कळतं (मालवणात सिग्नल नाही, हे कोल्हापूरचं निरीक्षण).

सामान कुठून

ऑइल फिल्टर सिटीचाच बसतो, तो कुठेही मिळतो. इंजिनाचे बरेच भाग त्याच काळातल्या २.४ अकॉर्डशी जुळतात, आणि ती भारतात बरीच खपली होती, म्हणून दुकानात विचारताना आधी अकॉर्ड म्हणा, मग सीआरव्ही. नुसतं सीआरव्ही ऐकलं की काउंटरवरचा माणूस मान हलवून मोकळा होतो. नवं सामान मुंबईत ऑपेरा हाउसला, जुनं कुर्ल्याला.

तिसरी वाट शारजाची. आपल्याकडे घरटी कोणीतरी आखातात आहे, आणि तिकडे या गाड्या खंडीभर. पण तिकडची गाडी डाव्या स्टिअरिंगची, हे विसरू नका. इंजिन, सस्पेन्शन, मागचा सगळा भाग चालतो. स्टिअरिंग रॅक, वायपरची लिंकेज, डॅशबोर्डमधलं काही मागवू नका. मागवताना चासी नंबर द्या, तो 'जेएचएल'ने सुरू होतो, म्हणजे जपानची. पार्ट नंबर त्यावरूनच काढायचा, फोटोवरून नाही. सुट्टीवर येणाऱ्या भावोजींच्या बॅगेत एक कंट्रोल आर्म (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा) येऊ शकतो. दोन सांगितले तर बहीण बोलते.

गिअरबॉक्सचं थोडक्यात: डीडब्ल्यू-१ एटीएफ (होंडाचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), एका वेळी जेमतेम तीन लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून सोडा, भरा, थोडं चालवा, पुन्हा सोडा. पहिल्या खेपेचं कोकमाच्या आगळासारखं गडद होतं, शेवटच्याला रंग आला. मशीन लावून दाबाने फ्लश करणं या वयाच्या गिअरबॉक्सला मी करणार नाही.

कूलंट तयार मिसळलेलंच. विहिरीचं पाणी नको. किनाऱ्याजवळच्या विहिरीत खार उतरतो, आणि तो ॲल्युमिनियमचा रेडिएटर आतून खातो.

गंज

इथे मात्र लढाई चालू आहे. खारं वारं एक, आणि मासळीच्या टेम्पोतून रस्त्यावर सांडणारं बर्फ-मिठाचं पाणी दुसरं. ते उडून थेट चासीच्या खोबणीत बसतं. जाड काळ्या रबरी कोटिंगवर माझा विश्वास नाही. एकदा कुठे चीर पडली की पाणी आत शिरतं आणि थराखाली पत्रा सडतो, वरून सगळं छान काळं दिसतं. त्यापेक्षा मेणाचं पातळ संरक्षक तेल दर वर्षी मिरगाच्या आधी फवारायचं आणि गणपतीनंतर तपासायचं. एका शेजाऱ्याने काजूच्या टरफलांचं तेल सुचवलं, होडीच्या लाकडाला लावतात ते. लाकडाला लावा. ते हाताची सालं काढतं, माझ्या सस्पेन्शनच्या रबरांवर मी प्रयोग करणार नाही.

काचेखालच्या जाळीतून पाणी जायच्या वाटा पावसाआधी मोकळ्या करा. सुरूची पानं सुईसारखी आत जातात आणि गाळ करून बसतात, मग पाणी केबिनमध्ये उतरतं. आणि माडाखाली गाडी लावू नका. हे लिहायची वेळ येऊ नये, पण पाहुणे लावतात.

आता तो बोल्ट. मागच्या चाकांचं अलाइनमेंट करायला कंट्रोल आर्मचा जो बोल्ट फिरवायचा, तो बुशच्या (सांध्यातल्या रबरी गुटक्याच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला आहे. नट सुटतो, बोल्ट फिरवला की रबरासकट पिळवटतो आणि सोडला की परत जागेवर. भेदक तेल महिनोन् महिने पाजलं, काही नाही. तापवलं तर रबर जळणार. शेवटचा उपाय म्हणजे बुशच्या दोन्ही कडांना ग्राइंडरने बोल्ट कापायचा आणि आर्म, बोल्ट, वॉशर सगळं नवं घालायचं. नव्याला बसवताना अँटिसीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) भरपूर चोपडायचं. तोवर मागचे टायर आतून झिजताहेत, ते पुढे-मागे बदलून वेळ काढतोय.

आरटीओ

वीस वर्षं पूर्ण झालेल्यांनी हे आधी वाचा. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढवलं. साधी मोटार १० हजार रुपये, आयात केलेली ८० हजार. पंधरा ते वीस वर्षांच्या गाड्यांना हेच ५ हजार आणि ४० हजार आहे. म्हणजे आपल्या गाडीची नोंद कागदोपत्री कशी झाली आहे यावर सत्तर हजारांचा फरक. गाडी जपानहून आली, पण विकली इथल्या कंपनीने, इथल्या शोरूममधून. आरसी आणि मूळ विक्रीचा दाखला दोन्ही काढून बघा, आणि परिवहनच्या पोर्टलवर काय दिसतं ते जुळतं का तपासा. माझा मूळ दाखला फायलीत आहे, त्याची साक्षांकित प्रत घेऊन ओरोसला आरटीओत जायचं आहे.

फिटनेस तपासणीआधी बोल्टचं काम उरकायला हवं. आर्म आणि बोल्ट शारजाहून मे महिन्यात येताहेत. फिटरशी जूनचा पहिला आठवडा ठरवलाय: १ जूनपासून मासेमारी बंद, वॉटर स्पोर्टसही बंद, बोटी वर ओढलेल्या, पण ओव्हरहॉलिंगची गर्दी अजून सुरू झालेली नसते. जुलैअखेर गेलात तर तो तुमच्याकडे बघणारही नाही. ग्राइंडर त्याचा, कापायच्या चकत्या मी नेणार.