झोइगेचं गवताळ पठार: ऊन, गारा आणि पायाखालचं पाणी

चीनच्या सिच्वान प्रांताची राजधानी असलेल्या चेंगदूहून निघालेले बहुतेक पर्यटक जिउझाइगोऊचे तलाव बघून माघारी फिरतात. तिथून पश्चिमेला असलेल्या झोइगेसाठी वेगळे दिवस राखून ठेवा, असं मी आग्रहानं सांगेन. चिनी पाट्यांवर या गावाचं नाव रुओअरगाइ असं असतं. तिबेटच्या पठाराची ही ईशान्य कड, आम्दो तिबेटींचा मुलूख. पण कारभार सिच्वान प्रांताचा, त्यामुळे भारतीयांना चीनचा व्हिसा पुरतो. ल्हासाला जाताना काढावं लागतं ते तिबेटचं परमिट इथे लागत नाही.

आधी उंचीचं बोलू. मैदानच ३,४०० ते ३,६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या दुपटीहून उंच, आणि तिथे नजर पोचेल तिथवर गवत. २०२४ पासून चेंगदूहून वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत चुआनझुसजवळच्या स्थानकावर उतरता येतं. सोय मोठी, पण धोका त्यातच आहे: सकाळी ५०० मीटरवर नाश्ता केलेला माणूस दुपारी ३,००० मीटरवर उभा असतो. पहिली रात्र सोंगपानला काढा आणि मगच वर चढा. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय. गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून घ्या.

चुआनझुसहून पश्चिमेचा घाट संपला की झाडं नाहीशी होतात आणि मैदान सुरू होतं. इथे एक मोठा जलविभाजक आपण जवळजवळ नकळत ओलांडतो. मागचं पाणी मिनजिआंग नदीतून यांगत्सेला जातं, पुढचं ह्वांग-हो म्हणजे पीत नदीला. चीनच्या दोन महानद्या एवढ्याशा उंचवट्यानं वेगळ्या होतात, म्हणून गाडी थांबवून दोन्हीकडचे उतार नीट बघा.

अक्षांश जवळपास श्रीनगरचा, पण उंचीमुळे उन्हाळा असा नाहीच. जुलैचं सरासरी तापमान अकरा अंशांच्या आसपास, जानेवारीत शून्याखाली दहा. वर्षाचा पाऊस साधारण ६५० मिलिमीटर, त्यातला बहुतेक मे ते सप्टेंबर. सकाळी लख्ख ऊन असतं, जमीन तापते, दुपारी ढग उभे राहतात आणि वीज, वारा, कधी गारा. टी-शर्टवर फिरणारी माणसं दहा मिनिटांत जाकीट शोधू लागतात. तेव्हा पायी फिरायचं ते दुपारच्या आत उरका. उघड्या माळावर विजा सुरू झाल्या की सरळ गाडीत बसा.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते इथल्या मातीनं. रस्त्याकडेला एका जुन्या चराची कड ढासळली होती. वर हातभर हिरवळ, खाली काळपट तपकिरी थर, त्यात न कुजलेली मुळं आणि पाती अजून ओळखू येत होती. एक ढेकूळ मुठीत दाबलं तर बोटांतून पाणी निथळलं. हे पीट. थंडी आणि साचलेलं पाणी यामुळे मेलेलं गवत पुरतं कुजत नाही, हजारो वर्षं थरावर थर चढत जातात. हाच थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि पीत नदीला हळूहळू सोडतो. १९६० आणि ७०च्या दशकांत कुरणं वाढवायला दलदलीतून चर खणले गेले. पाणी वाहून गेलं, पीट सुकू लागलं. आता त्यातले पुष्कळ चर बुजवले जाताहेत. २००८ पासून इथली राखीव पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. १९३५ मध्ये लाँग मार्चमधल्या, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या लांबलचक माघारीतल्या, लाल सेनेचे कितीतरी सैनिक याच चिखलात भुकेनं आणि थंडीनं गेले. म्हणून हिरवं दिसतं तिथे पाऊल टाकायला जाऊ नका, आणि हुआहू तलावावर लाकडी पायवाट सोडू नका. काळ्या मानेचे क्रौंच इथे वीण करतात, त्यांनाही त्यातच शांतता मिळते. दुर्बीण आणाच.

तांगकेला पीत नदीचं पहिलं मोठं वळण बघायला संध्याकाळी गर्दी असते. ढगाळ असेल तर निराशा होऊ शकते. लांगमुस मात्र चुकवू नका: सिच्वान आणि गान्सूच्या सीमेवरचं गाव, दोन्ही बाजूंना एकेक मठ, मधे बाइलोंगजिआंग नदीचा उगम.

जून ते ऑगस्ट फुलांचा मोसम, सप्टेंबरात गवत पिवळं पडतं आणि आकाश अधिक स्वच्छ असतं. मी सप्टेंबर निवडेन. जवळ रोकड ठेवा, मोबाइलवरचं चिनी पेमेंट ॲप घरूनच सुरू करून घ्या. परदेशी पाहुणे घेतात का, हे हॉटेलला आधी विचारा. शाकाहारींनी त्साम्पा (भाजलेल्या सातूचं पीठ), बटाटा, घट्ट दही यांवर भिस्त ठेवावी. गुराख्यांच्या तंबूकडे जायचं असेल तर लांबूनच हाक द्या. राखणीचे कुत्रे मोठे आणि तिखट असतात, त्यांना घरच्या माणसानं धरल्यावरच पुढे व्हा.