दातांना तारा: खुर्चीवर काय होतं आणि घरी महिने कुठे जातात

माझी वरची रांग पुढे होती आणि खालचे चार दात एकमेकांवर चढलेले. डॉक्टरांनी २२ ते २४ महिने सांगितले होते, लागले २६. वाढलेले महिने कुठे गेले ते मला नेमकं माहीत आहे, आणि त्यातले बहुतेक माझ्या हातातले होते. नाशकात कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कुठेही तारा लावायला जाणार असाल, तर हे आधी माहीत असलेलं बरं.

आधी डॉक्टर. बीडीएसनंतर तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस केलेल्यालाच ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. पुष्कळ दवाखान्यांत हे डॉक्टर महिन्यातल्या ठरावीक दिवशीच येतात. त्यात वावगं काही नाही, पण मधल्या दिवसांत दाताला चिकटवलेली, तार धरणारी क्लिप निघाली किंवा तार टोचायला लागली तर कोण बघणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे. कॉलेजमध्ये साधारणपणे खर्च कमी येतो आणि दर वेळी थांबावं जास्त लागतं. पैशांचं बोलताना आकड्याआधी त्यात काय काय धरलंय ते विचारायचं: एक्स-रे, दात काढणं, निघालेली क्लिप परत बसवणं, आणि शेवटचा रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा. रिटेनरचे वेगळे पैसे पडणार हे दोन वर्षांनी कळलं की माणूस तो टाळतो, आणि मग सगळं पाण्यात जातं.

पहिल्या भेटीत तार लागत नाही. ओपीजी काढतात, म्हणजे सगळा जबडा एका फोटोत. शिवाय बाजूने डोक्याचा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात नुसतं ‘सेफ’ म्हणतात. चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो होतात, दातांचं माप किंवा स्कॅन घेतात. दात पुढे आहेत की जबडाच पुढे आहे, हे सेफवरून कळतं. मोठ्या माणसाचा जबडा नुसत्या तारेने मागे जात नाही. मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्या म्हणतात ते यासाठीच: त्या वयात हाड वाढत असतं आणि काही दोष वाढीच्या जोरावर सुधारता येतात. कीड आणि हिरड्यांची सूज तारांआधी बरी करून घ्यावी लागते.

मग येतो सगळ्यांना भेडसावणारा प्रश्न: चांगले दात का काढायचे? माझे चार काढले, सुळ्याच्या लगेच मागची पहिली उपदाढ, वर दोन आणि खाली दोन. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. वेडेवाकडे दात सरळ बसवायला आणि पुढचे मागे न्यायला ही जागा लागते. दर केसमध्ये दात काढावे लागतातच असं नाही. थोडीच गर्दी असेल तर दातांच्या कडा घासून किंवा कमान रुंदावूनही भागतं. डॉक्टरांना मापावर बोट ठेवून दाखवायला सांगा, किती मिलिमीटर कमी पडतात ते.

तार बसवायच्या आधी दाढांच्या मधे छोटी रबरी कडी घालतात, मागच्या दाढेभोवती धातूची पट्टी बसण्याइतकी फट व्हावी म्हणून. पहिले दोन दिवस मांसाचा धागा अडकल्यासारखं वाटतं. टोकरायचं नाही. पट्टीऐवजी दाढेवर तार ओवायची नुसती नळी चिकटवणार असतील तर ही कडी लागत नाही.

क्लिपा बसवण्याच्या दिवशी दुखत मुळीच नाही, कंटाळा मात्र येतो. ओठ ताणून धरणारी प्लॅस्टिकची कड बसते, दात पॉलिश होतात. मग निळसर जेल लागतं. हे ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात. दात वाळवला की तेवढी जागा खडूसारखी पांढुरकी दिसते, आणि ती तशी दिसली तरच क्लिप धरते. त्यावर बाँडचा पातळ थर, सिमेंट लावलेली क्लिप, बाजूला आलेलं सिमेंट टोकाने काढणं आणि निळा लाइट. या सगळ्यात दात कोरडा राहायला हवा. थुंकी लागली की ती क्लिप आठवड्यात हातात येते. म्हणून मधेच बोलायचं नाही, जीभ लावून चाचपायचं नाही, गिळायचं असेल तर हात वर करायचा.

पहिली तार केसासारखी बारीक असते, माझी ०.०१४ इंची निकेल-टायटॅनियमची होती. कितीही वाकवली तरी ती मूळ आकारात येऊ पाहते आणि दाताला सोबत ओढते. निकेलची ॲलर्जी असेल, खोटे दागिने अंगावर उठत असतील, तर हे आधी सांगायला हवं. दुखणं काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल पुरते. या तारा थंडीत मऊ पडतात, म्हणून थंड पाण्याचा घोट तोंडात धरला की ठणका थोडा वेळ खरंच कमी होतो. दात किंचित हलतात ते हलायलाच हवेत: दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, ताणाच्या बाजूला नवं भरतं. ही भरपाई सावकाश होते, म्हणून वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. जोर वाढवून वेग वाढत नाही, उलट मुळांची झीज होण्याचा धोका वाढतो. दर भेटीला ‘जरा टाइट करा’ म्हणून आग्रह धरू नये.

पुढे तारा जाड होत जातात आणि शेवटी चौकोनी स्टीलची येते. तिच्यावर फट मिटवायचं काम चालतं, रबराच्या साखळीने किंवा स्प्रिंगने. पुढचे सहा दात मागे ओढले की मागच्या दाढा पुढे यायला बघतात आणि काढलेल्या दातांची जागा तिथेच खर्ची पडते. ती राखायला हाडात बारीक स्क्रू बसवतात, ६ ते ८ मिलिमीटर लांबीचा. थोडी भूल, पाच मिनिटांचं काम. कधी तो सैल होतो, मग जागा बदलून परत बसवावा लागतो.

आता माझे महिने कुठे गेले ते. एक गेला क्लिपा निघण्यात. क्लिप निघाली की तो दात जागेवर थांबतो, थोडा मागेही येतो, आणि पुन्हा बारीक तारेपासून सुरुवात करावी लागते. चिक्की, ऊस, बोरं, कडक चकली, चिवड्यातले शेंगदाणे, पावसाळ्यात सोमेश्वरला भाजून मिळणारं कणीस, ही सगळी क्लिपा काढणारी मंडळी. पेरूच्या पातळ फोडी करायच्या, कणसाचे दाणे सोलून उकडायचे, भाकरी दुधात कुस्करायची. द्राक्षं खुशाल खा. मिसळीतली शेव रश्शात भिजू दिली की दाताला त्रास नाही, पण तार क्लिपेत धरून ठेवणारी पारदर्शक रबरं हळदीने एका जेवणात पिवळी पडतात. नाशकात राहून मिसळ सोडणं होणार नसेल तर राखाडी रबरं मागा.

बाकीचा वेळ खाल्ला तो ओढायच्या रबरांनी. हे छोटं रबर वरच्या सुळ्याच्या हुकापासून खालच्या दाढेच्या हुकापर्यंत, दोन्ही बाजूंना. दिवसाचे २० ते २२ तास, फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायचं. लॅटेक्सचा जोर काही तासांतच उतरतो, म्हणून रोज नवं. पहिले दोन महिने मी ते रात्रीच लावत होते. आठ तास ओढ आणि सोळा तास मोकळं, दात हलले पण सरकले नाहीत. मग डब्यासोबत पिशवी ठेवायची सवय लावली आणि पुढच्या भेटीला फरक मोजता आला. राहून गेलेलं भरून काढायला दोन-दोन रबरं लावू नका. जोर दुप्पट होतो आणि दाढ भलतीकडे कलू शकते.

स्वच्छतेत कसूर झाली तर वेळेपेक्षा मोठं नुकसान होतं. क्लिपेभोवती अन्न साचलं की काही आठवड्यांत पांढरे डाग पडू लागतात, आणि ते तारा काढल्यावर दिसतात. ब्रश तारेच्या वरून तिरपा, मग खालून तिरपा, आणि तारेखालून बाटली धुवायच्या ब्रशसारखा बारीक ब्रश. फ्लोराइडची पेस्ट, प्रत्येक खाण्यानंतर निदान चूळ. गालाला फोड आले तर मेणाची गोळी कोरड्या क्लिपेवर दाबायची, अर्धा चमचा मीठ घातलेल्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या. तारेचं टोक टोचत असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने आत वळवा किंवा मेण लावा, आणि दवाखान्यात जाऊन कापून घ्या.

तारा निघतात अर्ध्या तासात. क्लिप पक्कडीत दाबली की कट्ट आवाज येतो, उरलेलं सिमेंट मशीनने घासतात, आणि रिटेनरचं माप त्याच दिवशी घेतलं जातं. हिरडीतले ताणलेले धागे नव्या जागी रुळायला वर्षभर लागतं, तोवर ते दाताला जुन्या जागी खेचतात. पहिले सहा महिने रिटेनर जवळजवळ दिवसभर, पुढे रात्री, आणि रात्रीचं कायम ठेवलेलंच चांगलं. गरम पाण्याने धुतला किंवा उन्हातल्या गाडीत राहिला की वाकतो. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला की उष्ट्याबरोबर जातो, म्हणून डबी सोबत हवीच. घालताना घट्ट लागला तर मधे काही रात्री चुकल्या आहेत. बसतच नसेल तर दाबून बसवू नका, दाखवून नवा करा. खालच्या दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक दातामागे बोट फिरवा. एकाच दातावरचं सिमेंट सुटलं तरी तार जागेवरच दिसते, आणि तो दात गुपचूप फिरत राहतो.