पेंढ्यावरची झोप

गुरुवार, रात्री

उद्या बर्फातल्या मोटरसायकल मेळ्याला निघायचं. सामान बांधून झालं. माझ्या हिमालयन मोटरसायकलच्या दोन्ही पेट्यांत स्टोव्ह, भांडी, लोकरीचे मोजे. मागच्या सीटवर तंबू, दोन चटया आणि फुगलेली स्लीपिंग बॅग. रवा भाजून, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन डबा भरलाय. तिथे नुसतं उकळतं पाणी ओतलं की उपमा तयार.

आईला फोनवर सांगितलं. "घरात हीटर आहे ना तुझ्या? मग बर्फात कशाला झोपायला जातोस?" याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. "अगं, कुठून कुठून लोक येतात," एवढंच म्हणालो. "येऊ देत की," ती म्हणाली.

शुक्रवार

म्युनिकपासून बव्हेरियन जंगलातलं थुरमान्सबांग जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. उन्हाळ्यात वाटेत चहाला थांबायचीही गरज पडू नये. आज किती वेळा थांबलो ते मोजलंच नाही. पारा शून्यावर होता, पण ऐंशीच्या वेगाने जाताना तेच शून्य अंगाला उणे दहासारखं लागतं. गरम होणाऱ्या ग्रिपमुळे तळहात भाजतात आणि बोटांची वरची बाजू बधिर होते, म्हणून हँडलवर हात आत घालायचे मोठे उबदार मफ चढवले होते. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र. डिसेंबरच्या पहाटे साताऱ्याहून पुण्याला निघताना बाबा स्वतः घडी करून ते शर्टात सरकवून द्यायचे. पेपर जर्मन असला तरी वारा तेवढाच अडवतो.

इथे दुचाकींना हिवाळी टायरची सक्ती 2017 पासून नाही. मी तरी बसवून घेतलेत. डेगेनडॉर्फ मागे पडलं, डोंगर सुरू झाले आणि रस्ता मिठाने पांढरा दिसायला लागला. खरी परीक्षा मात्र अगदी शेवटी. लोह नावाच्या वाडीजवळ एक खोलगट दरी आहे, तिला सगळे 'हेक्सनकेसेल' म्हणतात, म्हणजे चेटकिणीची कढई. तळाशी जाणारी वाट तीव्र उताराची, आणि हजारो चाकांनी बर्फ दाबून तिची काच करून टाकलेली. पहिला गिअर, मागचा ब्रेक नावापुरता, दोन्ही पाय खाली टेकवत घसरत उतरायचं. कुणी पडलं की चार अनोळखी माणसं धावतात, गाडी उभी करतात आणि नाव-गाव न विचारता निघून जातात. मलाही मधल्या वळणावर दोघांनी मागून धरून ठेवलं.

तंबूची जागा मिळाल्यावर पहिलं काम पेंढ्याचं. इथे जळाऊ लाकूड आणि पेंढा विकत मिळतो. बर्फ पायाने तुडवून घट्ट केला, त्यावर वीतभर पेंढा पसरला, वर तंबू, आत दोन्ही चटया. थंडी वरून जेवढी येते त्याहून जास्त ऊब जमीन खालून शोषून घेते. नवखी मंडळी महागडी स्लीपिंग बॅग आणतात आणि चटईवर पैसे वाचवतात. पहाटे तीच शेकोटीपाशी बसलेली दिसतात. साइडस्टँडखाली फळी घातली, नाहीतर बर्फ वितळला की गाडी रात्रीत आडवी.

शेजारच्या तंबूत सत्तरी गाठलेले एक आजोबा. त्यांच्या साइडकारवर लाकडाचे ओंडके रचलेले. त्यांनी जॅकेटची चेन उघडली आणि आतून वर्तमानपत्र काढून शेकोटीत टाकलं. मी माझं काढून दाखवल्यावर पहिल्यांदा हसले. त्यांच्या गॅस स्टोव्हची ज्योत मात्र मिणमिणत होती. ब्युटेन शून्याच्या खाली वायू व्हायचं जवळपास थांबतं. नळकांड्यात प्रोपेनचं मिश्रण हवं, किंवा मग सरळ पेट्रोलचा स्टोव्ह. माझा पेट्रोलचा. बर्फ वितळवून पाणी करायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात त्यांनी मला सगळा इतिहास सांगून टाकला.

1956 च्या हिवाळ्यात अर्न्स्ट लेफरकूस या मोटरसायकल-पत्रकाराने त्सुन्डाप केएस 601 या जर्मन मोटरसायकलवाल्यांना श्टुटगार्टजवळ सोलिट्यूडला बोलावलं, तिथून हे सुरू झालं. 597 सीसीचं बॉक्सर इंजिन, 28 अश्वशक्ती, जोडीला साइडकार; या गाडीला लोक 'हिरवा हत्ती' म्हणायचे. म्हणून हा हत्तींचा मेळा, एलेफान्टेनट्रेफेन. पुढे तो नुरबुर्गरिंगला गेला, मग ऑस्ट्रियात साल्झबुर्गरिंगला, आणि 1989 पासून इथे, या कढईत. भरवते मोटरसायकलस्वारांची देशव्यापी संघटना. आजोबा नुरबुर्गरिंगच्या काळापासूनचे. "तेव्हा थंडी जास्त होती," असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य प्रत्येक देशातल्या आजोबांना पाठ असावं.

उपमा त्यांना आवडला. मिरची बाजूला काढून ठेवली.

शनिवार, दुपारी

रात्री पारा उणे अकरा. झोप लागली, पण तुकड्यातुकड्यांनी. पहाटे डोळे उघडले तर तंबूच्या आतल्या कापडावर माझ्याच श्वासाचं हिव साचलेलं. कूस बदलताना खांदा कापडाला लागला आणि बारीक चुरा तोंडावर पडला. तंबूची चेन गोठलेली, मुठीत धरून तोंडाची वाफ दिली तेव्हा दात सुटले. बुटांचं आतलं अस्तर बॅगेत पायाशी घेऊन झोपलो होतो, बॅटरीही काढून आत घेतली होती, त्यामुळे सकाळी पाय आणि इंजिन दोन्ही चालू झाले. रात्री लघवीला उठणं हा वेगळाच सोहळा, त्यावर लिहीत नाही.

एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही. रात्री दोन-अडीचपर्यंत काही टोळकी सायलेन्सर काढून इंजिनं नुसती बोंबलवत होती, वर फटाके. दरीत आवाज घुमतो, धूर वर जात नाही. परंपरा आहे म्हणतात. असेल. ज्याला दुसऱ्या दिवशी बर्फावरून गाडी हाकायची आहे त्याला झोपू द्यावं, एवढी अक्कल परंपरेत बसायला हरकत नसावी.

दिवसा मात्र भटकायला मजा. साइडकारवाल्या रशियन उराल, पूर्व जर्मनीच्या जुन्या एमझेड, चाकांना साखळ्या बांधलेल्या स्कूटर, साइडकारमध्ये बसवलेली लोखंडी शेगडी, तिचं धुराडं सरळ वर. इटालियन लोक ढिगाने. सिसिलीहून आलेला एक जण मोपेडवर होता आणि त्याच्याभोवती सगळ्यात मोठी गर्दी. इथे महागड्या गाडीला कुणी वळून बघत नाही. किती लांबून, कसल्या खटाऱ्यावर आलास, ते विचारतात. माझ्या गाडीचा नंबर म्युनिकचा पाहून एकाने "अरे, म्हणजे घरच्या अंगणातलाच!" म्हणून खांद्यावर थाप मारली. बरोबरच होतं त्याचं.

शनिवार, रात्री

संध्याकाळी मशाली पेटवून मिरवणूक निघाली. वर्षभरात गेलेल्या मोटरसायकलस्वारांची आठवण म्हणून. ती बोंबलणारी टोळकीसुद्धा मुकाट्याने मशाल धरून चालत होती. आजोबांनी टोपी काढली होती, एवढ्या थंडीत. मी काही विचारलं नाही.

रविवार, संध्याकाळी

तंबू गोठून पत्र्यासारखा कडक झालेला. घडी होईना, शेवटी चुरगाळून दोरीने बांधला. उरलेला पेंढा आजोबांना दिला, त्यांचा मुक्काम उद्यापर्यंत. बदल्यात त्यांनी एक ओंडका देऊ केला. हिमालयनवर ओंडका कुठे बांधणार होतो!

चढावर तीन माणसं आणि एक दोर लागला. घरी आल्यावर आधी गाडी धुतली, थंड पाण्याने. गरम पाण्याने मीठ आणखी चावतं. गाडीच्या चेनला तेल, स्पोकांच्या मुळाशी ब्रश. बायकोने धुराचे कपडे बाल्कनीतच काढायला लावले.

जेवणानंतर जुन्या उरालच्या जाहिराती चाळल्या. तिसरं चाक असलं की तो उतार गाडीवर बसूनच उतरता येतो, आणि लाकडं-पेंढाही बरोबर नेता येतो. आमच्या तळघरातल्या पार्किंगच्या खांबांमधून साइडकार आत जाते का, ते उद्या टेपने मोजायचंय.