उजेडी ल्यूर, चौथी आवृत्ती: लागतो झकास, विझायचं नाव नाही

गोड्या पाण्यात दिवा लागत नव्हता, तो प्रश्न सुटला. चौथ्या आवृत्तीचा ल्यूर, म्हणजे मासे धरायचा दिव्याचा नकली मासा, कण्हेरच्या धरणात लागतो, धोमला लागतो आणि हरिपूरच्या संगमावर तर पाण्याला टेकताक्षणी लागतो. आता बरोब्बर उलटं दुखणं निघालंय. पाण्याबाहेर काढून पुसून डब्यात ठेवला तरी आत मिणमिणता हिरवा उजेड राहतो. या उजेडाला जाणारा करंट साधारण २०० मायक्रोॲम्प भरतो. ऐकायला किरकोळ, पण आपली सीआर४२५ पिन बॅटरी २५ मिलिॲम्प-तासांची. भागाकार करा: १२५ तास. रविवारी वापरलेला ल्यूर शुक्रवारी रात्री मेलेला असतो. बॅटरी इपॉक्सीत, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या गोंदात, गाडलेली. ती बदलता येत नाही, म्हणजे ल्यूरही गेला.

नव्यांसाठी थोडक्यात मागचा धागा. बाजारातले पाण्यात पडल्यावर लागणारे ल्यूर मुळात समुद्रासाठी केलेले असतात. त्यात बॅटरी, एलईडी आणि दोन उघड्या पिना एका ओळीत असतात, सर्किट पाणीच पुरं करतं. खारं पाणी वीज चांगली वाहतं, तिथे हे चालतं. आपल्याकडच्या पाण्यात दोन पिनांमधला रोध किलोओहममध्ये जातो आणि एलईडीला काही मिळत नाही. आपल्या जोडणीत, म्हणजे अडीच मिलिमीटर व्यासाच्या सपाट पिना दोन सेंटिमीटर अंतरावर, हरिपूरला १२ ते १५ किलोओहम येतात आणि कण्हेरला ४० च्या आसपास. वर कण्हेरला सह्याद्रीच्या पावसाचं पाणी, खाली हरिपूरला गावं आणि उसाची रानं ओलांडून आलेलं, त्यामुळे हा फरक अपेक्षितच आहे. मोजताना मल्टिमीटरचा आकडा वर वर सरकत जातो. मीटर बिघडलेला नसतो, पिनांवर ध्रुवीकरण होत असतं. लावल्या लावल्या दिसलेला पहिला आकडा धरायचा.

म्हणून चौथ्या आवृत्तीत एलईडीचा करंट पाण्यातून नेलाच नाही. पाणी फक्त मॉस्फेटच्या, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, गेटला इशारा देतं. एक पिन बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी १० किलोओहममधून गेटला, आणि गेटपासून ऋण टोकाला १ मेगओहमचा पुल-डाउन, म्हणजे एरवी गेट बंद ठेवणारा रोध. मॉस्फेट एओ३४००ए, एसओटी-२३ आकाराचा. सगळीकडे सहज मिळणारा २एन७००२ इथे घेऊ नका. त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे उघडायला गेटवर लागणारा व्होल्टेज, १ ते २.५ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, आणि आपल्याकडे सगळे मिळून तीनच व्होल्ट आहेत. एओ३४००ए चा ०.६५ ते १.४५, नग वाईट निघाला तरी उघडतो. हा सांगलीत मिळाला नाही. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास पट्टीवर मिळतो, तिथून एकदम पन्नास आणलेले परवडतात. सुटा नग मागितला तर बऱ्याचदा दुसराच काहीतरी हातात पडतो, तेव्हा अंगावरचा छाप भिंगातून वाचून घ्यावा.

आता न विझण्याकडे. कारण एक नाही, तीन आहेत, आणि ती एकमेकांना झाकतात. त्यामुळेच इतका वेळ गेला.

पहिलं, पाण्याची साय. ल्यूर बाहेर काढला तरी दोन पिनांमध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. त्याचा रोध सातशे किलोओहम ते दोन मेगओहम असतो. पुल-डाउन १ मेगओहमचा ठेवला की गेटवर १ ते पावणेदोन व्होल्ट उरतात, म्हणजे मॉस्फेट अर्धवट उघडा. पुल-डाउन १०० किलोओहम केला की हाच थर गेटवर जेमतेम ०.३७ व्होल्ट देतो आणि दिवा बंद होतो. कण्हेरच्या ४० किलोओहमला मात्र २ व्होल्ट मिळतात, तेवढे भरपूर झाले. खूण सोपी आहे: जुन्या जोडणीत कोरडा अंगठा दोन्ही पिनांवर ठेवला तरी दिवा लागतो, नव्या जोडणीत ओलाच अंगठा लागतो.

दुसरं कारण डब्यातलं. पोटाचा ट्रेबल (तीन टोकांचा) हुक स्प्लिट रिंगमधून लोंबतो आणि शेजारच्या पिनेला टेकतो. डब्यातला फोम ओला असेल तर टेकायचीही गरज नाही. उपाय पिनांच्या जागेत आहे. आता नाक, पोट आणि शेपूट यांतून जाणारी सलग तार हीच एक पिन, आणि दुसरी पाठीवर, डोक्याच्या मागे. ट्रेबल कितीही हलला तरी पाठीपर्यंत पोचत नाही. पाठीच्या पिनेभोवती गाडीचं वॅक्स चोळलं की थर तुटून थेंब होतात.

ही दोन्ही कारणं काढली तरी काही नग कोरडे ठणठणीत असताना तेवत राहिले. साय तासाभरात वाळते, मग चार दिवस दिवा कशावर जळतोय? इथे एक चाचणी कामाची ठरली. बंद ल्यूरच्या आत गेटपर्यंत जाता येत नाही, पण दोन पिना बाहेर आहेत. हुक काढायचे, अंग हेअर ड्रायरने वाळवायचं आणि मीटर व्होल्टवर ठेवून दोन पिनांना लावायचा. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो. त्यामुळे १ मेगओहमच्या जुन्या जोडणीत चांगला नग २.७ व्होल्टच्या आसपास दाखवतो, १०० किलोओहमच्या नव्या जोडणीत जवळपास पूर्ण ३. तेवणारे जुने नग दोनच्या खाली होते. बाहेर पाणी नाही, हुक नाही, म्हणजे गळती इपॉक्सीच्या आतच.

चोर निघाला फ्लक्स, म्हणजे कथील धरावं म्हणून डाग देताना लावायचं रसायन. आपल्या पिना ३१६एल स्टेनलेसच्या. त्यावर साध्या रोझिन फ्लक्सने कथील धरतच नाही, म्हणून सगळे झिंक क्लोराइडचं ॲसिड फ्लक्स वापरतात. झिंक क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं आणि पोकळीत कायमचा ओलसर, वीज वाहणारा थर बसतो. वरून इपॉक्सी ओतली की तो आत कोंडला जातो, मग ड्रायर लावा नाहीतर उन्हात ठेवा.

त्यामुळे आता डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) काम ल्यूरच्या पोकळीत करायचंच नाही. पिनेचं टोक टेबलावर ॲसिड फ्लक्सने कथिलाने मढवायचं, त्याला तांब्याची बारीक तार जोडायची, मग कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचं, साध्या पाण्याने दोनदा धुवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि पूर्ण वाळल्यावरच आत बसवायचं. तांब्याची दुसरी बाजू बोर्डावर नेहमीच्या रोझिन कथिलाने. ब्रासच्या पिना घेतल्या तर ही कटकट वाचते, पण धन बाजूची पिन हिरवी पडून झिजते. स्टेनलेसच बरं. करंट आता वीसेक मायक्रोॲम्प आहे, ओळीतल्या जोडणीच्या करंटचा शंभरावा हिस्सा, तेव्हा झीज नगण्य.

पिनांसाठी तयार वस्तू शोधत बसू नका. कुपवाड एमआयडीसीच्या वेल्डिंग साहित्यवाल्यांकडे ३१६एल ची टिग फिलर रॉड मिळते, मीटरभर लांब. १.६ मिलिमीटरची पिनांना, १.२ ची अंगातल्या तारेला. पाठीच्या पिनेचं टोक ठोकून अडीच मिलिमीटरपर्यंत पसरवायचं. मिरजेत सतारीची तार मिळते आणि वळवायला सुरेख आहे, पण ती पोलादी, पाण्यात गंजणारच. पिन बसवण्याआधी २४० च्या पॉलिश कागदाने खरवडून तिला दोन आडव्या खाचा पाडायच्या. गुळगुळीत स्टेनलेसला इपॉक्सी नीट पकडत नाही आणि पाणी पिनेच्या कडेकडेने केसासारखी वाट काढतं. पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी फक्त भाग जागेवर धरायला, ओतायला सावकाश घट्ट होणारीच घ्या. झटपटवाली पाण्यात हळूहळू मऊ पडते.

पिन पाठीवर नेल्याचा एक फायदा आपोआप पदरात पडला, आणि तो या आवृत्तीतला सगळ्यात गोड भाग आहे. तरंगता ल्यूर थांबला की पाठ पाण्याबाहेर येते आणि क्षणभरात दिवा विझतो. ओढला की ल्यूर बुडतो आणि दिवा लागतो. थांबा, ओढ, थांबा या चालीला आपसूक चमक मिळाली, तीही कुठली चिप न घालता. झुडपाच्या कडेला दबा धरून बसणाऱ्या मरळीसाठी ही चाल मला सलग उजेडापेक्षा जास्त पटते. बुडत्या ल्यूरला अर्थात हे लागू नाही.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे ओठ, ल्यूरच्या तोंडाखालचं पारदर्शक पातं. एलईडी अंगात पुरून खिडकी ठेवण्याऐवजी पॉलिकार्बोनेटच्या ओठाच्या आतल्या कडेला ०८०५ आकाराचा एलईडी चिकटवला. उजेड त्या पात्यातून पुढे जातो आणि बाहेरच्या कडेलाच उजळतो. आतली कड आरशासारखी घासायची, बाहेरची ४०० च्या कागदाने मुद्दाम खरखरीत करायची. बाकीच्या पृष्ठभागावर ओरखडा नको, उजेड तिथूनच गळतो. जुनी सीडी हा १.२ मिलिमीटरचा उत्तम पॉलिकार्बोनेट आहे, वरचा चकचकीत थर चिकटपट्टीने सोलून काढायचा. पाटीवाल्यांकडचं ॲक्रिलिक दगडाला लागलं की तडकतं.

रंग हिरवाच, ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा. लाल रंग पाणी लवकर गिळतं आणि शेवाळी पाण्यात निळाही लांब जात नाही. हा हिरवा एलईडी एक मिलिॲम्पला साधारण २.७ व्होल्ट घेतो, त्यामुळे बॅटरी उतरली की आपोआप मंदावतो. बॅटरीचा अंदाज फुकटात. पावसाळ्यातल्या गढूळ कृष्णेत कुठलाच रंग फार उपयोगाचा नाही. तिथे शिवडा माशासाठी ल्यूरमधला खुळखुळा जास्त काम करतो.

अंग पांगाऱ्याचं, सावंतवाडीच्या खेळण्यांचं लाकूड. हलकं आहे, चाकूने कापतं, पण पाणी पितं आणि ओलं लाकूड वीजही वाहतं. पोकळी आतून पातळ सुपरग्लूने दोनदा भिजवल्याशिवाय बोर्ड ठेवायचा नाही. बॅटरी, बोर्ड, पिना आणि इपॉक्सी मिळून सव्वा ग्रॅम वाढतं, तेवढं शिसं पोटातून काढायचं. बॅटरी खाली आणि जरा पुढे. शेपटीत ठेवली की ल्यूरची डोल मरते.

पाचव्या आवृत्तीसाठी पुल-डाउन आणखी कमी करून बघायचा बेत होता. पण वरची फ्लक्सची भानगड लिहिता लिहिता लक्षात आलं की धन पिनेवर सतत तीन व्होल्ट उभे ठेवायची गरजच काय? मॉस्फेट काढून ॲटटायनी१३ए ही प्रोग्राम करता येणारी छोटी चिप घालायची. १.८ व्होल्टपर्यंत चालते. पाठीची पिन चिपच्या पीबी४ या पायाला, तार पीबी३ ला, दोन्ही १० किलोओहममधून, आणि पीबी४ पासून ऋण टोकाला १०० किलोओहम. चिपच्या वॉचडॉग टायमरवर सेकंदाला एकदा जागी व्हायचं, पीबी३ क्षणभर उंच करून पीबी४ वरचा व्होल्टेज एडीसीने आकड्यात वाचायचा, मग तेवढाच वेळ दोघांची दिशा उलटी करायची. सरासरी डीसी नगण्य, झीज आणि ध्रुवीकरण दोन्ही आटोक्यात. १०२३ पैकी ३५० च्या वर गेलं की लावायचा, २५० च्या खाली आलं की विझवायचा. मधली दरी ठेवली नाही तर पाण्याच्या काठावर तो फडफडत बसेल. सेकंदाला एकदा हे तरंगत्या ल्यूरला संथ पडेल, म्हणून दिवा लागलेला असताना पाव सेकंदाला एकदा वाचायचं. त्यातच ३० मिलिसेकंद चमक दिली तर एलईडीच्या २ मिलिॲम्पची सरासरी पाव मिलिॲम्पवर येते, म्हणजे बारा तासांची बॅटरी शंभर तास.

यात दोन खड्डे आहेत. ब्राउन-आउट डिटेक्शन (व्होल्टेज पडतोय का यावरचा चिपचा पहारा) चालू राहिलं तर झोपेतला करंट कैक पटीने वाढतो, ते चिपच्या फ्यूज सेटिंगमध्येच बंद करायचं. आणि घड्याळ १२८ किलोहर्ट्झवर टाकलं की नेहमीच्या वेगाचा प्रोग्रामर चिप ओळखत नाही. यूएसबीएएसपी प्रोग्रामरवर वेग कमी करणारा स्लो एससीकेचा जंपर जोडायचा. चिप मेली समजून फेकू नका. शिवाय हे सगळं इपॉक्सी ओतण्याआधी.

जाता जाता: धरणांत मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थांकडे असतो, विचारूनच दोरा टाकावा. शिवसागरचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, बराच काठ कोयना अभयारण्यात येतो, तिथे प्रयोग नकोतच. आणि आत लिथियम बॅटरी आहे म्हटल्यावर झाडाझुडपात बारीक लीडर (ल्यूरला बांधायचा शेवटचा दोरा) लावून ल्यूर तोडून यायचा नाही. वीस पौंडाच्या खाली लीडर नको, ट्रेबल मात्र पातळ तारेचा घ्या, म्हणजे अडकला तर हुक सरळ होतो आणि ल्यूर हातात येतो.